मरणाची भीती वाटते तेव्हा



३० सप्टेंबर १९९३.
पहाटे किल्लारीला भूकंप झाला.
त्यानंतर कितीतरी रात्री
आपल्या मुदखेडकडची माणसं घरात झोपायला धजत नव्हती.
अंगणात बाजा पडायच्या.
भांडं वाजलं, तरी छातीत धस्स व्हायचं.

पण तेव्हा सगळे एकमेकांशी बोलत होते.
आता भीती एकट्याला गाठते.
मध्यरात्री छाती धडधडते, दम कोंडतो,
वाटतं, आता संपलं.

आधी डॉक्टरांना दाखवा.
हृदय ठणठणीत निघालं, तरी त्रास खोटा नसतो.
पुन्हा तसं झालं, तर श्वास सावकाश सोडा.
घरच्यांना उठवा, बोला.
आणि घरच्यांनो, ‘काही होत नाही, झोप’ म्हणून टाळू नका.

बोलायला कुणीच नसेल,
तर ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेला फोन करा.
नंबर आहे १, ४, ४, १, ६.
पुन्हा सांगते: १, ४, ४, १, ६.
फोन मोफत आहे,
रात्रीही उचलतात,
मराठीत बोला.