थंडीतील झोळी आणि तिचे छप्पर
(मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडळातील तरुण मुले-मुली या हिवाळ्यात डेहराडूनहून चक्रात्याच्या देवदारवनात जाऊन झोळ्या टांगून मुक्काम करण्याचा बेत आखीत आहेत. वर कोणती ताडपत्री घ्यावी, असा प्रश्न त्यांच्या पालकांनी मला विचारला. प्रश्न साधा दिसतो. परंतु भिजलेले अंथरूण आणि बोचरा वारा एकत्र आले म्हणजे प्रसंग जिवावर बेततो. म्हणून चार शब्द विस्ताराने सांगतो.

झोळी आपल्याला नवी नाही. बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून तान्ह्याला निजविणारी माउली आपण पाहिली आहे. 'हॅमॉक' हा शब्द मात्र कॅरिबियन बेटांतील ताइनो लोकांचा. स्पॅनिशमधून तो इंग्रजीत आला. दोन्ही झोळ्या उष्ण प्रदेशातल्या. अंगाखालून वारा खेळावा हा त्यांचा गुण, आणि थंडीत तोच अवगुण ठरतो. डेहराडूनची उंची सुमारे ६४० मीटर, चक्रात्याची २,१०० मीटरच्या वर. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश उतार धरला, तर तेथे नऊ-दहा अंश अधिक गारठा असतो.

झोळीत अंथरलेली रजई अंगाच्या भाराने दबते व तिची ऊब जाते. यास्तव एक रजई झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाला टांगावी लागते. ताडपत्री स्वतः ऊब देत नाही. रजईची ऊब ती वाऱ्याला चोरू देत नाही. तिची निवड याच कसोटीवर करावी.

प्रथम लांबी. अकरा फुटी झोळी तीस अंशांच्या कोनात टांगली, की तिच्या दोन टोकांतील अंतर नऊ-साडेनऊ फूट भरते. ताडपत्रीचा कणा बारा फूट असावा, म्हणजे दोन्ही बाजूंना फूटभर ओसरी मिळते. रुंदी दहा फूट असली, तर कडा जमिनीजवळ आणता येतात. शंकरपाळ्याच्या आकाराची छोटी ताडपत्री उन्हाळ्यात चालेल. हिवाळ्यात चौकोनी आणि टोके मिटणाऱ्या दारांची हवी.

आता कापड. बाजारातील प्लास्टिकची ताडपत्री स्वस्त, पण जड व कडकडणारी. सिलिकॉन चढविलेले नायलॉन हलके व चिवट असते. परंतु ओले झाले की सैलावते आणि रात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. तसेच पॉलिएस्टर घेतले तर हा त्रास पुष्कळ कमी. डायनीमाचे कापड सर्वांत हलके आणि ताण न सोडणारे, परंतु किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची. माझे मत पॉलिएस्टरच्या बाजूने आहे.

उत्तम ताडपत्रीही बांधणी चुकली तर व्यर्थ. वारा येतो त्या बाजूची कड खाली घ्यावी. हिम साचू नये म्हणून उतार तीव्र ठेवावा आणि रात्री अधूनमधून आतून थापटून ते झाडावे. झोळीच्या दोरीला ताडपत्रीच्या आत एक सुतळी लोंबती बांधावी, म्हणजे दोरीवरून ओघळणारे पाणी तिथेच ठिबकते. दारे पूर्ण मिटू नयेत. श्वासातील बाष्प कापडावर गोठते आणि रजईवर गळते. मिटलेल्या ताडपत्रीखाली स्टोव्ह वा शेगडी कदापि पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, आणि नायलॉन व पॉलिएस्टर आगीने वितळते.

झाड जिवंत व जाडजूड निवडावे, वर वाळकी फांदी नाही ना हे पाहावे. साल कापू नये म्हणून रुंद पट्टे वापरावेत. वनखात्याची परवानगी घ्यावी.

तरुण मित्रांनो, निघण्यापूर्वी एक रात्र घराच्या अंगणात ताडपत्री बांधून पाहा. गाठी अंधारात, हातमोजे घालून बांधता आल्या पाहिजेत. तेवढे जमले, की पालकांनीही निश्चिंत मनाने निरोप द्यावा. घरापासून दूर वाढलेल्या आपल्या मुलांना हे डोंगर परके वाटू नयेत, एवढीच इच्छा.