औषधाची पारख



गेल्या वर्षी सासूबाईंना लघवीची जळजळ होऊन ताप भरला. घरात उरलेल्या गोळ्या मीच दिल्या. चार दिवस ताप हटेना. मग डॉक्टरांनी लघवी तपासायला पाठविली.

तेथे लघवीतले जंतू बशीत वाढवितात, त्यांवर निरनिराळ्या औषधांच्या कागदी चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी जिच्याभोवती पुरेसे मोठे मोकळे वर्तुळ दिसते, ते औषध लागू. माझ्या गोळीच्या चकतीभोवती वर्तुळच नव्हते!

१९५५ साली पिंपरीला पेनिसिलीन होऊ लागले, तेव्हा ते रामबाण वाटे. आज कित्येक जंतू त्याला जुमानीत नाहीत. म्हणून भगिनींनो, तपासणीचा नमुना पहिल्या गोळीआधी द्या. उरलेली गोळी कोणालाही देऊ नका.