पितळी सर्प

मूर्तिपूजेचा विषय निघाला कीं ख्रिस्ती मनुष्याची दृष्टि सहजच शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे वळते. परंतु दहा आज्ञांतील ती आज्ञा शेजाऱ्यासाठीं नव्हे, ऐकणारासाठीं आहे. ज्या घराच्या भिंतीवर केवळ क्रूस आहे, त्या घरांतहि मूर्ति असूं शकते. आणि ती बहुधा एखाद्या चांगल्या वस्तूचीच घडलेली असते.

जुन्या करारांत पितळी सर्पाची कथा आहे. रानांत सर्पदंशानें माणसें मरूं लागलीं, तेव्हां देवाच्याच आज्ञेनें मोशेनें तो घडविला; त्याकडे पाहून लोक वांचले. पुढें अनेक शतकें लोटलीं आणि त्याच सर्पापुढें धूप जळूं लागला. शेवटीं हिज्कीया राजानें त्याचे तुकडे केले. तो सर्प परक्यांचा नव्हता, खोटाहि नव्हता. उपकाराची खूण उपकारकर्त्याच्या जागीं जाऊन बसली, एवढाच त्याचा दोष.

आपल्या यवतमाळांत 1953 सालीं युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली. 1983 सालीं ती पुण्यास गेली. अशा संस्थेचा गांवास अभिमान वाटावा हें योग्यच. पण संस्था हें पात्र आहे. पात्र दुसरीकडे नेलें म्हणून झरा आटत नाहीं. नारायण वामन टिळकांनीं 1917 सालीं मिशनचें वेतन सोडून 'देवाचा दरबार' स्थापिला, तेव्हां हाच भेद त्यांनीं आचरून दाखविला. उलट, जेथें देवळाच्या इमारतीसाठीं भाऊ भावाविरुद्ध कोर्टाच्या पायऱ्या झिजवितो, तेथें धूप कोणापुढें जळतो हें सांगावयास नको.

सर्वांत खोल मूर्ति मात्र लग्नाच्या बोलण्यांत दिसते. प्रभुभोजनांत एकाच भाकरीचे वांटेकरी असलेलीं दोन कुटुंबें, सोयरिकीचा विषय निघतांच, पणजोबांची बाप्तिस्म्यापूर्वींची जात हळूच विचारतात. पिढ्यांमागें सोडलेल्या त्या देवतेस आजहि मुलांच्या सुखाचा नैवेद्य दाखविला जातो.

मूर्ति ओळखावी कशी? पौलानें लोभासच मूर्तिपूजा म्हटलें आहे. बँकेंतील शिल्लक, मुलाचे गुण, प्रार्थनेआधीं हातीं येणारा मोबाईल, यांपैकीं काय हरपलें असतां देव असूनहि सर्वस्व गेलेंसें वाटेल? आणि कशासाठीं आपण दुसऱ्या माणसाचा बळी देण्यास तयार होतों?

प्रत्येक मूर्ति फोडावयाचीच असते असें नाहीं. पैसा, संस्था, मोबाईल यांस त्यांच्या जागीं ठेविलें कीं तीं पुन्हां साधनें होतात. जातीस मात्र ख्रिस्ती घरांत जागाच नाहीं. तिला हिज्कीयाचा घणच हवा.