पत्र मराठीत होतं, तरीही...

माझी उभी नोकरी एका सरकारी कचेरीत मसुदे लिहिण्यात गेली. कारकून म्हणून हजारो पत्रं लिहिली. त्यांतलं एक अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

एक वयस्कर बाई टेबलापाशी आल्या. हातात घड्या घालून मऊ झालेला कागद. म्हणाल्या, "भाऊसाहेब, शेजारच्या पोराकडनं तीनदा वाचून घेतलं. पैसे कधी मिळणार, तेवढं सांगा." नवऱ्यामागे मिळणाऱ्या पेन्शनचं प्रकरण होतं. सही साहेबांची, पण मसुदा माझाच : 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, वारस दाखला विहित मुदतीत प्राप्त न झाल्यास आपले प्रकरण निकाली काढण्यात येईल.'

'निकाली काढणार' म्हणजे निकाल लागणार, आपलं काम होणार, असं समजून बाई घरी वाट पाहत बसल्या होत्या. आमच्या भाषेत त्याचा अर्थ होता, फाइल बंद. मुदत टळून गेली होती. त्यांना सगळं पहिल्यापासून करावं लागलं आणि तेवढे महिने त्या पेन्शनवाचून राहिल्या.

1964 च्या राजभाषा अधिनियमानं राज्याचा कारभार मराठीत आणला. बाई मराठी होत्या, पत्रही मराठीत होतं. मग अडलं कुठं?

आपण पटकन अवघड शब्दांना दोष देतो. पण सावरकरांनी 'दिनांक', 'क्रमांक', 'महापौर' हे शब्द दिले, तेव्हा तेही नवखेच होते. आज ते कुणाला अडत नाहीत. शब्द वापरानं रुळतात. माझ्या पत्रात मात्र मुदतीची तारीखच नव्हती आणि प्रकरण कोण बंद करणार, तेही नव्हतं. 'करण्यात येईल' म्हटलं की करणारा वाक्यातून नाहीसा होतो. कारकुनाला ते सोयीचं असतं. उद्या कुणी जाब विचारला, तर बोट ठेवायला जागा नको!

तेच पत्र असं लिहिता आलं असतं : 'वारस दाखला 30 जूनपर्यंत आणून द्या. न दिल्यास आम्ही तुमचा अर्ज बंद करू.' बाईंना ते एका वाचनात कळलं असतं. आणि खरं सांगू? 'आम्ही बंद करू' हे लिहिताना माझाही हात क्षणभर थांबला असता. आपण एका विधवेचा अर्ज बंद करतो आहोत, हे मलाच दिसलं असतं. स्पष्ट लिहिण्याचा हा दुसरा लाभ. वाचणाऱ्याला कळतंच, पण लिहिणाऱ्यालाही आपण काय करतो आहोत ते कळतं.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. मसुदा झाला की आमच्या शिपाईमामांना वाचून दाखवायचा आणि विचारायचं, "मामा, हे पत्र तुम्हाला आलं, तर काय कराल?" ते गप्प राहिले, की कागद फाडायचा आणि पुन्हा लिहायला बसायचं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)