वेदनाशामक वनस्पती : परंपरा, परीक्षा आणि विवेक

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



भिवंडी ही कष्टकऱ्यांची नगरी आहे. यंत्रमागासमोर तासन्‌तास उभा राहणारा कामगार, गोदामात पाठीवरून गाठी वाहणारा हमाल, दिवसभर पेढीवर बसणारा व्यापारी आणि सामायिक पूर्ण झाल्यावर गुडघ्यावर हात टेकून उठणारी वृद्ध श्राविका, या सर्वांची एक तक्रार समान असते. ती म्हणजे अंगदुखी. या दुखण्यावर आपल्या परिसरात उपायांची कमतरता कधीच नव्हती. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, सुंठीचा लेप, हळदीचे दूध, गुळवेलीचा काढा आणि तालुक्यातीलच वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या ऊन पाण्याच्या कुंडांतील स्नान, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ओले आले आणि ओली हळद वर्ज्य मानणाऱ्या अनेक घरांतही सुंठ आणि हळदपूड यांना स्थान आहे.

या उपायांविषयी समाजात दोन टोकाची मते आढळतात. एक मत असे, की वनस्पतीचे औषध म्हणजे अपाय नाहीच. दुसरे मत असे, की हे सारे मनाचे समाधान आहे. ही दोन्ही मते परस्परविरोधी दिसली, तरी त्यांचा दोष एकच आहे. दोन्हीकडे निर्णय आधी होतो आणि परीक्षा राहूनच जाते. वेदनाशमनाच्या बाबतीत परीक्षा कशी होते, तिने आजवर काय दाखवले आणि तिची किंमत कोण मोजते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

वनस्पतीत वेदना शमवणारे द्रव्य असते, याबद्दल विज्ञानाला शंका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सर्टर्नर या जर्मन औषधनिर्मात्याने अफूतून मॉर्फिन वेगळे केले. तोपर्यंत अफूचा एक खडा तीव्र निघे, तर दुसरा सौम्य. त्यामुळे मात्रा हा अंदाजाचा विषय होता. शुद्ध द्रव्य हाती आल्यावर ते तराजूत तोलता येऊ लागले. विलो वृक्षाच्या सालीच्या अभ्यासातून सुरू झालेली वाटचाल १८९७ मध्ये बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत ॲस्पिरिनपर्यंत पोहोचली. या दोन्ही उदाहरणांतून एकच बोध मिळतो. गुण द्रव्यात असतो, द्रव्याला मात्रा असते आणि मात्रेसोबत अपायही येतो. मॉर्फिन अधिक झाले तर श्वास मंदावतो आणि ॲस्पिरिनने जठरात रक्तस्राव होऊ शकतो. वनस्पतीपासून मिळाले म्हणून ते निर्धोक ठरले नाही.

मात्र वेदनेची परीक्षा ज्वराच्या परीक्षेइतकी सोपी नाही. ताप थर्मामीटरवर दिसतो. वेदना केवळ रुग्णाच्या सांगण्यातून कळते. शिवाय वैद्याचा दिलासा, औषधाचा रंग, मनातील विश्वास यांनीही ती कमी होते. गुडघेदुखी तर आपोआप कमी-अधिक होत असते. म्हणून रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडतात, सर्वांना दिसायला शक्य तितकी सारखी औषधे देतात, आणि कोणाला कोणते औषध दिले हे रुग्णाला वा तपासणाऱ्या डॉक्टरांना शेवटपर्यंत कळू देत नाहीत. या पद्धतीला डबल ब्लाइंड चाचणी म्हणतात. रुग्णाच्या शब्दावर अविश्वास दाखवणे हा तिचा हेतू नाही. आशेचा परिणाम आणि औषधाचा परिणाम वेगळा काढणे हा तिचा हेतू आहे.

अशा परीक्षेचे एक उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या एका राष्ट्रीय योजनेअंतर्गत पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा, डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांचे सहकारी यांनी गुडघ्याच्या झिजेवर आयुर्वेदीय औषधांची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये 'ऱ्हुमॅटॉलॉजी' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ४४० रुग्णांचे चार गट करण्यात आले. दोन गटांना सुंठ, गुळवेल आणि आवळा यांवर आधारित औषधे देण्यात आली व त्यांपैकी एकात सालई गुग्गुळही होता. तिसऱ्या गटाला ग्लुकोसामीन आणि चौथ्या गटाला सेलेकॉक्सिब हे प्रचलित वेदनाशामक मिळाले. २४ आठवड्यांनंतर वेदना आणि हालचाल या दोन्ही बाबतींत आयुर्वेदीय औषधे इतर दोहोंच्या तोडीची ठरली. घराघरांतील सुंठ आणि गुळवेल आधुनिक कसोटीस उतरली, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु त्याच अहवालातील दुसरे निरीक्षणही तितक्याच आदराने वाचले पाहिजे. आयुर्वेदीय औषधे घेणाऱ्या सात रुग्णांच्या रक्तात एसजीपीटी हे यकृताशी संबंधित प्रमाण वाढलेले आढळले. त्यांना कोणताही त्रास जाणवत नव्हता आणि औषध थांबवल्यावर ते प्रमाण पूर्ववतही झाले. रक्त तपासले म्हणूनच हे कळले. पुढे २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. कोरोनाच्या काळात अनेक घरांत काढा दिवसेंदिवस आणि मात्रेविना घेतला जात होता. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि वाद झाला. तरीही सामान्य माणसासाठी बोध स्पष्ट आहे. पुण्याच्या चाचणीत गुळवेल ठरावीक मात्रेत, ठरावीक काळ आणि तपासणीच्या पहाऱ्यात दिली गेली होती. त्या यशाचे प्रमाणपत्र कोणत्याही काढ्याला आपोआप लागू होत नाही.

आता विषयाचा दुसरा पैलू पाहू. काही वनस्पती स्वतः रोग बरा न करता दुसऱ्या औषधाचे बळ वाढवतात. आयुर्वेदात अशा द्रव्यांना योगवाही म्हणतात. 'वृक्षगान' या पुस्तकामुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी परळच्या केईएम रुग्णालयात सहकाऱ्यांसह गुळवेलीचा अशा साहाय्यक भूमिकेतून अभ्यास केला. पित्तमार्ग अडल्याने कावीळ झालेल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला गुळवेल देऊन त्याचे परिणाम १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले.

सुंठ, मिरे आणि पिंपळी म्हणजे त्रिकटू. आयुर्वेदातील असंख्य पाठांत हे त्रिकूट का येते, असा प्रश्न जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. सी. के. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पडला. मिरे आणि पिंपळी यांतील पिपरीन या तिखट द्रव्यामुळे अनेक औषधे रक्तात अधिक प्रमाणात पोहोचतात, असे त्यांच्या संशोधनातून पुढे आले. औषध शरीरात शिरताच आतडे आणि यकृत त्याचे विघटन करू लागतात. पिपरीन ते काम मंदावते, त्यामुळे औषध अधिक काळ टिकते. या संशोधनातून २००९ मध्ये रिसोरिन हे क्षयरोगावरील औषध बाजारात आले. त्यात १० मिलिग्रॅम पिपरीनच्या साहाय्याने रिफाम्पिसिनची मात्रा नेहमीच्या ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम ठेवण्यात आली. हे त्या विशिष्ट, परीक्षित कॅप्सूलपुरतेच खरे आहे. मिरे खाऊन क्षयाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने कमी करणे म्हणजे जीवाशी खेळ होय.

ज्या किल्लीने हितकर औषधाचे दार उघडते, तिनेच धोक्याचेही दार उघडते. पिपरीन औषधांत निवड करीत नाही. अपस्मारावरील फेनिटॉइन, दम्यावरील थिओफायलिन, रक्तदाबावरील प्रोप्रॅनोलॉल यांचेही रक्तातील प्रमाण ते वाढवू शकते, असे अभ्यासांत दिसले आहे. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याने हळदीच्या तीव्र अर्काची कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, ते याचसाठी. आमटीतील चिमूटभर मसाला आणि रोज घेतलेला अर्क यांत मोठे अंतर आहे.

या परीक्षेची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न या सभेत टाळता येणार नाही. वेदनाशामक द्रव्याची प्राथमिक चाचणी बहुधा उंदरांवर होते. तापलेल्या पत्र्यावर उंदराला ठेवून तो पाय किती सेकंदांनी उचलतो हे मोजतात, किंवा पोटात दाहक आम्ल टोचून त्याचे आळेपिळे मोजतात. वेदना शमते की नाही हे पाहण्यासाठी आधी वेदना निर्माण करावी लागते. अहिंसेला परम धर्म मानणाऱ्यांना हे ऐकून अस्वस्थ वाटलेच पाहिजे. मात्र चाचणीच नको म्हटल्याने हिंसा संपत नाही. अपरीक्षित औषधाने एखाद्या रुग्णाचे यकृत निकामी झाले, तर तीही पीडाच आहे.

या पेचातून वाट काढण्याचे प्रयत्न सुरू आहेत. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तीन तत्त्वे मांडली : प्राण्याला पर्याय शोधावा, संख्या कमी करावी, यातना कमी करावी. भारतात १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार अशा प्रयोगांवर देखरेख होते. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणीचाचण्यांवर २०१४ मध्ये बंदी आली. २०२३ मध्ये औषधविषयक नियमांत बदल होऊन मानवी पेशींवर आधारित पद्धतींना वाव मिळाला. मुंबईचे डॉ. अशोक वैद्य आणि डॉ. पटवर्धन यांनी पुरस्कारलेला मार्गही मोलाचा आहे. जे द्रव्य माणूस शतकानुशतके वापरत आला, त्याचा अभ्यास रुग्णाच्या सावध निरीक्षणापासून सुरू करावा आणि मग प्रयोगशाळेकडे जावे, असा तो उलटा प्रवास आहे. त्याने प्राण्यांची गरज शून्य होत नाही, पण घटू शकते.

प्राण्यावरील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू पडतो असेही नाही. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील अभ्यासात पिपरीनमुळे हळदीतील कर्क्युमिनचे शोषण उंदरांत १५४ टक्क्यांनी, तर माणसांत तब्बल २००० टक्क्यांनी वाढले. म्हणून त्याच अर्काची तीच चाचणी केवळ प्रबंधासाठी पुन्हा पुन्हा करणे, ही ज्ञान न देणारी हिंसा आहे. तिला विरोध करणे हे विज्ञानाला विरोध करणे नव्हे.

समाजाला यातून करण्याजोगी कामे साधी आहेत. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांसोबत चालू असलेले काढे, चूर्णे आणि कॅप्सूल यांचीही यादी न्यावी. लेबल नसलेल्या वेदनाशामक पुड्या घेऊ नयेत. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आहेत. वैद्यकीय शिबिरांच्या केसपेपरवर 'घरगुती वा आयुर्वेदीय औषध चालू आहे काय' हा एक रकाना वाढवावा. त्याला खर्च एका ओळीच्या शाईचा, पण एखाद्या वृद्धाचे मूत्रपिंड वा यकृत त्याने वाचू शकते. आणि संशोधनासाठी दान देणाऱ्यांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : यातून नवे काय कळणार, आणि कमीत कमी जीवांना पीडा देऊन ते कळण्याचा मार्ग शोधला आहे काय?

दुसऱ्याची वेदना दूर करणे ही करुणा होय. ती दूर करताना नवी वेदना निर्माण होणार नाही याची दक्षता घेणे हा विवेक होय. औषधाच्या क्षेत्रात या विवेकाचेच नाव परीक्षा असे आहे.

जय जिनेंद्र.