मेहनत सुटली, खुराक राहिला
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



कोल्हापुरात लठ्ठपणाविरुद्ध बोलणे हे धाडसच होय. कारण भरल्या अंगाचे कौतुक करणारी ही नगरी आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने उभे राहिलेले खासबाग मैदान १९१२ साली पुरे झाले. तालमींच्या सहवासात आपण दूध, तूप, थंडाई, मटण यांचा खुराक शिकलो; परंतु त्यामागे पहाटेचे जोर, बैठका आणि मातीतील लढत असे.

आमचे चुलते तरुणपणी कुस्ती खेळत. पुढे ते पेढीवर बसू लागले, मेहनत सुटली. खुराक मात्र सुटला नाही. पन्नाशीत मधुमेहाने त्यांचा पाय गेला. आज अशी घरे थोडी नाहीत.

आपणा भारतीयांची चरबी विशेषतः पोटात साठते. म्हणून पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरांपलीकडे गेली की सावध व्हावे.

सावध होणे म्हणजे एकदम उपास आरंभणे नव्हे. त्याने चरबीबरोबर स्नायूही झिजतात, भूक बळावते आणि नेहमीचे ताट समोर येताच उतरलेले वजन परत चढते. कोणताही वस्ताद नवख्याला पहिल्याच दिवशी हजार जोर काढावयास लावीत नाही. वजन उतरविण्याचाही न्याय तोच. आठवड्यास अर्धा किलो पुरे. ८० किलोच्या मनुष्याने ४ ते ८ किलो उतरवून ते टिकविले, तरी रक्तदाब व रक्तातील साखर यांत सुधारणा दिसते.

ताटात उसळ, भाजी व कोशिंबीर वाढवावी; भात, साखर व तळण आवरावे. मटण वर्ज्य नाही, रश्शावरचा तवंग मात्र काढावा. रंकाळ्याकाठी रोज अर्धा तास झपझप चालावे आणि स्नायू टिकावेत म्हणून आठवड्यातून दोनदा झेपतील तितके जोर-बैठका काढाव्यात. मधुमेहाचे औषध चालू असणाऱ्यांनी आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

भगिनींना एक विनंती : उरलेले अन्न वाया जाईल म्हणून ते स्वतःच्या पोटात घालू नका. आणि आपणा सर्वांना दुसरी : पंगतीत ‘पुरे’ म्हणणाऱ्याच्या ताटात आग्रहाने वाढू नका. एकट्याने पाळलेले पथ्य चार दिवस टिकते. घराने पाळलेले जन्मभर टिकते. पुढील मेळाव्याच्या पंगतीपासूनच आपण आरंभ करू या.