कंबरदुखी आणि आभासी सृष्टी

मुंबईत जोगेश्वरी पूर्वेस द्रुतगती महामार्गाच्या कडेला महानगरपालिकेचे ट्रॉमा केअर रुग्णालय आहे. तेथे अपघातात जायबंदी होऊन आलेल्या माणसाला आपल्या वेदनेचा दाखला द्यावा लागत नाही. परंतु याच उपनगरात विक्रोळी जोडरस्त्यावर दिवसभर रिक्षा चालवणाऱ्याची, अथवा पहाटे पाण्याचे हंडे भरून मग सीप्झ औद्योगिक क्षेत्रातील दागिन्यांच्या कारखान्यात दिवसभर वाकून बसणाऱ्या बाईची कंबर वर्षानुवर्षे दुखत राहते, एक्स-रे मात्र ‘नॉर्मल’ येतो, आणि मग घरचे, कामावरचे, व अखेरीस रुग्ण स्वतःदेखील त्या दुखण्याच्या खरेपणाविषयी साशंक होऊ लागतो. ही शंका मला दुखण्याहूनही क्रूर वाटते.

बारा आठवड्यांहून अधिक टिकलेल्या कंबरदुखीस जुनाट म्हणतात, आणि अशा बहुसंख्य रुग्णांत मणक्यावर वा मणक्यांमधील गादीवर बोट ठेवून सांगता येईल असे कारण सापडत नाही. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 साली असे प्रतिपादन केले की, वेदनेचा संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जसाच्या तसा जात नाही. वाटेत तो कधी अडवला जातो, कधी वाढवला जातो, आणि त्यात भय, चिंता व अवधान यांचाही हात असतो. चोर निघून गेल्यावरही गुरखा रात्रभर शिट्ट्या फुंकत राहावा, तशी मज्जासंस्था मूळ इजा भरून आल्यावरही इशारे देत राहते.

या इशाऱ्यांवर उपाय म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर 2021 मध्ये आभासी सृष्टी दाखवणाऱ्या ‘ईझव्हीआरएक्स’ या चष्म्यासारख्या साधनास मंजुरी दिली. सिॲटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयात भाजलेल्यांची मलमपट्टी करताना हिमाच्छादित आभासी सृष्टी दाखवून त्यांचे लक्ष वळवण्याचे प्रयोग पूर्वीच झाले होते. पण जुनाट दुखण्यात केवळ लक्ष वळवून भागत नाही, कारण चष्मा उतरताच ते पुन्हा हजर होते. म्हणून या साधनात शिकवण आहे: आठ आठवडे, घरच्या घरी, 56 बैठका, प्रत्येकी दोन ते सोळा मिनिटांची. डोळ्यांवरील उपकरण रुग्णाचा दीर्घ श्वास टिपते आणि त्यातून श्वसनाचा सराव घडवते; जोडीला अवधान वळवण्याचे व दुखण्याकडे निर्भयपणे पाहण्याचे धडे असतात.

या साधनाच्या परीक्षणात 179 रुग्ण होते. उपचार घेतलेल्यांपैकी 66 टक्क्यांची वेदना तीस टक्क्यांहून अधिक घटली; ज्यांना हे धडे नसलेली साधी द्विमितीय दृश्येच दाखवली, त्यांच्यातही हे प्रमाण 41 टक्के होते. काहींना मळमळ झाली, काहींना उपकरण टोचले. मला तो 41 टक्क्यांचा आकडा विशेष महत्त्वाचा वाटतो. रोज थोडा वेळ दुखणाऱ्या शरीराकडे कोणी आस्थेने पाहावे, एवढ्याचाही गुण त्यात असावा, असे माझे मत आहे.

अर्थात पायातील बळ जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर चष्म्याचा विचार न करता तत्काळ रुग्णालय गाठावे. इतरांसाठी मात्र यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. दीर्घ श्वसन, हळूहळू वाढवलेले चालणे आणि ‘तुमचे दुखणे खरे आहे’ हे डॉक्टरांच्या तोंडचे वाक्य यांना परदेशी मंजुरी लागत नाही. के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू करणाऱ्या या शहराच्या महानगरपालिकेने आपल्या प्रत्येक उपनगरी दवाखान्यात जुनाट वेदनेच्या रुग्णांसाठी आठवड्यातून एक दुपार राखून ठेवण्याची तजवीज करावी, आणि तिचा आरंभ जोगेश्वरीपासून व्हावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.